‘हिअरबाय’ ते ‘नॉटविथस्टँडिंग’: जडशीळ इंग्रजी जोडशब्द फोडून वाचायची रीत

बालभारतीचे कुठलेही पाठ्यपुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांत संविधानाची उद्देशिका छापलेली असते. तिच्या अखेरीस २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेपाशी ‘याद्वारे’ हा शब्द येतो: याद्वारे हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत. मूळ इंग्रजीत तिथे ‘हिअरबाय’ आहे. म्हणजे या लेखातला सर्वांत सरकारी वाटणारा शब्द तुम्ही शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत उभे राहून शेकडो वेळा मराठीत म्हटलेला आहे. अडचण शब्दाच्या अर्थाची नाहीच. तो तुकड्यांचा बनला आहे हे कुणी सांगत नाही, ही अडचण आहे.

भाडेकरार, नेमणूकपत्र, प्रतिज्ञापत्र, बँकेचे कर्जाचे कागद, शोधनिबंध या सगळ्यांत हे शब्द भेटतात. शब्दकोशात एकेक पाहत बसलात तर ‘हिअरइन, हिअरऑफ, हिअरटू, देअरइन, देअरऑफ, देअरटू’ अशी रांग संपत नाही आणि लक्षातही राहत नाही. त्यापेक्षा शब्द फोडायची सवय लावा.

पायरी १: पहिला तुकडा वेगळा काढा

‘हिअर’, ‘देअर’ आणि ‘व्हेअर’ हे तीन तुकडे आपण इथे, तिथे, कुठे असे शिकतो. जोडशब्दांत मात्र त्यांचा जागेशी संबंध सुटलेला असतो. तिथे ते सर्वनामाचे काम करतात:

‘हिअर’ म्हणजे हा, ही, हे. बहुतेक वेळा ‘हा कागद’.
‘देअर’ म्हणजे तो, ती, ते. म्हणजे आत्ताच उल्लेख झालेली गोष्ट.
‘व्हेअर’ म्हणजे जो, जी, जे. आणि प्रश्नात असेल तर कोण, काय, का.

मराठी माणसाला हे कोष्टक नव्याने शिकावे लागत नाही. यामुळे, त्यामुळे, ज्यामुळे. यावर, त्यावर, ज्यावर. यात, त्यात, ज्यात. आपली भाषा हीच तीन अक्षरे घेऊन हेच काम रोज करते. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांना तर ही जोडी तिकडेही भेटते: ‘हिअरमिट’, ‘डामिट’, ‘वोमिट’, म्हणजे याने, त्याने, ज्याने. जर्मनमध्ये ‘डामिट’सारखे शब्द भाजी घेतानाही वापरतात. जुन्या इंग्रजीतही ते तसेच घरगुती होते. पुढे बोलीने ‘ऑफ इट’, ‘बाय धिस’ अशी सुटी रचना धरली आणि जोडशब्द कायद्याच्या नि धर्माच्या कागदांत मागे राहिले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘देअरऑफ’ वारंवार येतो, कारण ‘इट्स’ हा शब्द तेव्हा इतका नवा होता की भाषांतरकारांनी तो जवळजवळ टाळलाच. ‘त्याचा’ म्हणायला त्यांना ‘देअरऑफ’ सोयीचा होता. आज आपल्याला तो भारदस्त वाटतो तो निव्वळ वयामुळे.

पायरी २: दुसऱ्या तुकड्याला मराठी प्रत्यय लावा

शब्दाचा मागचा तुकडा हे साधे शब्दयोगी अव्यय असते. ‘बाय’ला द्वारे किंवा ने. ‘इन’ला त. ‘ऑफ’ला चा-ची-चे. ‘टू’ला ला, शी किंवा सोबत. ‘विथ’ला सोबत. ‘अंडर’ला खाली किंवा अन्वये. ‘अपॉन’ला वर. ‘आफ्टर’ला नंतर किंवा पुढे. एवढे आठ पुरतात.

आता जोडून पाहा. ‘देअरअंडर’: त्याखाली. आपल्या अधिनियमांत ‘अधिनियम व त्याखाली केलेले नियम’ असे असते, ते याचेच रूप. ‘पार्टीज हिअरटू’: या करारातील पक्ष. ‘हिअरइनआफ्टर’ तीन तुकड्यांचा आहे: हिअर, इन, आफ्टर. मराठी कायद्याच्या भाषेत त्याला ‘यात यापुढे’ म्हणतात, आणि ‘यात यापुढे ज्याचा निर्देश अमुक असा करण्यात आला आहे’ हे वाक्य ज्याने सरकारी मराठी वाचली आहे त्याला पाठ असते. कानाला ते खडबडीत लागते, पण तुकड्याला तुकडा बसवलेला आहे हे कबूल करायला हवे. अधिनियमाच्या दीर्घ शीर्षकात ‘मॅटर्स कनेक्टेड देअरविथ ऑर इन्सिडेंटल देअरटू’ असते. मराठीत ‘तत्संबंधित किंवा तदनुषंगिक बाबी’. इथला ‘तत्’ म्हणजेच ‘देअर’.

‘देअरअपॉन’ आणि ‘व्हेअरअपॉन’ यांत एक गंमत आहे. शब्दशः त्यावर, ज्यावर; पण अर्थ ‘लगेच त्यानंतर, त्याला उत्तर म्हणून’. मराठीत ‘त्यावर ती म्हणाली’ यातला ‘त्यावर’ही कशाच्या वर ठेवलेला नसतो.

फोडताना चुकण्याच्या दोन जागा आहेत. पहिली, ‘हिअरआफ्टर’ आणि ‘हिअरइनआफ्टर’ एकच समजणे. पहिला काळाबद्दल बोलतो, इथून पुढे. नाम म्हणून वापरला तर त्याचा अर्थ चक्क परलोक होतो. दुसरा फक्त कागदाबद्दल बोलतो, या मजकुरात पुढे. करारात नाव छोटे करून घ्यायचे असेल तर दुसराच हवा.

दुसरी जागा ‘देअरफोर’ची. शेवटी ‘ई’ असलेला तो आपला ओळखीचा ‘त्यामुळे’. घडण त्याची ‘त्या-साठी’ अशीच आहे. पण ‘ई’ नसलेला वेगळा शब्दही आहे, उच्चारात जोर शेवटच्या तुकड्यावर, आणि अर्थ निव्वळ ‘त्यासाठी’ किंवा ‘त्याबद्दल’: वस्तू व ‘त्याबद्दल’ दिलेली किंमत. करारात तो दिसला की लोक छपाईची चूक समजून ‘ई’ घालतात आणि वाक्याचा अर्थ फिरतो. असा ‘सुधारलेला’ शब्द दिसला तर मागेपुढे वाचून पाहा.

‘व्हेअरफोर’चेही तसेच. शेक्सपिअरच्या नाटकात ज्युलिएट ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ म्हणते तेव्हा ती रोमिओला शोधत नसते. फोडून बघा: कशा-साठी. तू रोमिओच का असावास, दुसऱ्या घराण्याचा का नसावास, हा तिचा प्रश्न आहे.

पायरी ३: बोट कुणाकडे आहे ते शोधा

इथे वेळ घालवा, कारण बहुतेक तंटे इथेच जन्मतात. पहिला तुकडा हे दाखवणारे बोट आहे; ते कुणाकडे रोखले आहे हे कळले नाही तर बाकीची फोड वाया जाते.

‘द प्रॉपर्टी ऑर एनी पार्ट देअरऑफ’ सोपे आहे: मालमत्ता किंवा तिचा कोणताही भाग. पण समजा वाक्यात इमारत, गाळा, वाहनतळ आणि करार असे चार नामे आधी येऊन गेली आणि मग ‘देअरऑफ’ आला. इंग्रजीला लिंग नाही, ‘देअर’ला वचनही नाही, वाचणारा पुढे सरकतो. मराठीत मात्र तुम्हाला थांबावेच लागते. इमारत असेल तर ‘तिचा’, गाळा असेल तर ‘त्याचा’, चारही असतील तर ‘त्यांचा’. म्हणून इंग्रजी कागदाची सही करण्यापूर्वी प्रत्येक ‘देअर’ मराठीत मनात म्हणून पाहणे ही उत्तम चाचणी आहे. तिचा, त्याचा की त्यांचा हे ठरत नसेल तर दोष तुमच्या इंग्रजीचा नाही. मसुदाच संदिग्ध आहे आणि तिथे नाव लिहून घ्या म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

‘हिअरइन’ आणि ‘हिअरअंडर’ त्याहून कपटी. ‘यात’ म्हणजे कशात? या कलमात, या परिच्छेदात, की अख्ख्या करारात? म्हणूनच चांगल्या मसुद्यात सुरुवातीला व्याख्यांजवळ एक ओळ टाकलेली असते की ‘हिअरइन’, ‘हिअरऑफ’, ‘हिअरअंडर’ हे शब्द संपूर्ण कराराला लागू समजावेत. ती ओळ आहे का ते आधी बघा. नसेल तर ‘या करारात’ किंवा ‘कलम ७ मध्ये’ असे सरळ लिहिणे केव्हाही बरे.

पायरी ४: ‘हेन्स’च्या घराण्यातला लपलेला ‘स’

‘हेन्स’ फोडता येत नाही असे वाटते, पण त्यालाही शेपूट आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘हेनेस’ होता: ‘येथून’ या अर्थाचा जुना शब्द आणि त्याला क्रियाविशेषण करणारा षष्ठीचा ‘स’. हाच षष्ठीचा ‘स’ ‘वन्स’, ‘ट्वाइस’, ‘ऑलवेज’, ‘बिसाइड्स’ यांतही दडलेला आहे.

घराणे नऊ शब्दांचे आहे आणि मराठीत ते जसेच्या तसे उतरते. हिअर, देअर, व्हेअर: इथे, तिथे, जिथे. हिदर, दिदर, व्हिदर: इकडे, तिकडे, जिकडे. हेन्स, देन्स, व्हेन्स: इथून, तिथून, जिथून, प्रश्नात प्रत्येक तिकडीतला शेवटचा शब्द अनुक्रमे कुठे, कुणीकडे, कुठून. ‘हिदरटू’ म्हणजे इकडे-पर्यंत, म्हणून आजवर. ‘हेन्सफोर्थ’ म्हणजे इथून पुढे.

‘हेन्स’मध्येच ‘ऊन’ असल्यामुळे ‘फ्रॉम हेन्स’ आणि ‘फ्रॉम व्हेन्स’ यांत दोनदा पंचमी होते, ‘इथूनहून’ म्हटल्यासारखी. १६११ च्या बायबलमध्येही ‘फ्रॉम व्हेन्स’ आहे, त्यामुळे त्याला अडाणी म्हणता येत नाही; पण आज परीक्षक त्यावर लाल रेघ मारतात, तेव्हा टाळा.

‘हेन्स’, ‘देअरफोर’, ‘दस’ हे तिघे भारतातल्या उत्तरपत्रिकांत एकमेकांच्या जागी फिरत असतात. मूळ पाहिले की वेगळे होतात. ‘हेन्स’ इथून निघतो, म्हणजे समोरच्या वस्तुस्थितीतून. त्याच्यानंतर पूर्ण वाक्य नसले तरी चालते. ‘हेन्स द डिले’: म्हणून हा उशीर. बाकी दोघांना हे जमत नाही. ‘देअरफोर’ कारण देऊन निष्कर्ष काढतो: त्यामुळे, यास्तव. ‘दस’चा मूळ अर्थ ‘असे, अशा रीतीने’. परिणामापेक्षा पद्धत दाखवायची असेल तिथे तो शोभतो, आणि त्याच्यापुढे ‘-इंग’ लावलेले क्रियापद छान बसते: ‘दस रिड्यूसिंग द कॉस्ट’, अशा रीतीने खर्च कमी करत. ‘दस’ला शेपूट लावून ‘दसली’ करू नका. मुळातच ते क्रियाविशेषण आहे.

‘हेन्स देअरफोर’ असे दोन्ही एकत्र लिहिणे म्हणजे ‘म्हणून त्यामुळे’.

पायरी ५: ‘नेव्हरदलेस’मधला ‘द’ कोण?

या शब्दाचे तीन तुकडे सगळ्यांना दिसतात: नेव्हर, द, लेस. मधला ‘द’ नेहमीचे उपपद असेल तर अर्थ लागत नाही, आणि तो नेहमीचा नाहीच. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाला तृतीया विभक्ती होती, ‘त्याने’ या अर्थाची. तीच झिजून ‘द’ झाली. ‘नेव्हर द लेस’ म्हणजे ‘त्याने मुळीच कमी होत नाही’. पाऊस होता, त्याने आमचा बेत काही कमी झाला नाही. अर्थ झाला: तरीही. ‘ननदलेस’ अगदी तसाच, फक्त ‘नेव्हर’च्या जागी ‘नन’. जुन्या पुस्तकांत तो तीन सुट्या शब्दांत छापलेला आढळतो, तेव्हा बिचकू नका. ‘द मोअर द मेरिअर’मधले दोन्ही ‘द’ याच तृतीयेचे अवशेष: जितके जास्त, तितकी मौज.

‘लेस्ट’ही याच पोटातून आला. ‘त्याने कमी की’ अशी लांबलचक रचना आखडत आखडत एका शब्दावर आली. अर्थ: न जाणो, नाहीतर, होऊ नये म्हणून. त्याच्यामध्येच नकार आहे, म्हणून पुढे ‘नॉट’ घालू नये. ‘लेस्ट यू शुड नॉट फॉल’ लिहिलेत तर तुम्ही माणसाने पडावे म्हणून काळजी घेताय असा अर्थ होतो.

संस्कृत तृतीया मराठीतही अशीच गोठून बसली आहे. ‘किंबहुना’ फोडा: किम् बहुना, ‘जास्त बोलून काय’. पसायदान म्हणताना आपण ती तृतीया उच्चारतो आणि पुढे जातो. इंग्रज माणूसही ‘नेव्हरदलेस’ तसाच म्हणतो.

‘ऑलबीइट’ पण तीन तुकड्यांचा: ऑल, बी, इट. ‘ऑल’ इथे ‘जरी’ या अर्थाने आहे. ‘जरी ते असो’. उच्चार ऑल्-बी-इट असा तीन ठोक्यांचा. ‘अल्बाइट’ म्हटले की ऐकणाऱ्याला जर्मन शब्द वाटतो. आजच्या वापरात त्याच्यापुढे पूर्ण वाक्य घालत नाहीत, विशेषण किंवा छोटा शब्दसमूह घालतात: उपयोगी, ‘ऑलबीइट’ महाग, यंत्र. पूर्ण वाक्य जोडायचे असेल तर ‘ऑल्दो’ घ्या.

पायरी ६: ‘नॉटविथस्टँडिंग’ आणि ‘व्हेअरअ‍ॅज’, म्हणजे कायद्याचे दोन खांब

इंग्लंडमध्ये १३६२ च्या कायद्याने न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत आले, पण नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या. त्या इंग्रजीत यायला १७३३ उजाडले. इतकी शतके लॅटिनच्या सावलीत काढल्यावर कायद्याच्या इंग्रजीत लॅटिन साच्याचे शब्द असणे ओघानेच आले. ‘नॉटविथस्टँडिंग’ हा लॅटिन ‘नॉन ऑब्स्टान्ते’चा इंग्रजी अवतार: ‘आडवे न येता’. इंग्रजी तुकड्यांतही तोच अर्थ आहे. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘फाइट विथ’मध्ये तो अजून शिल्लक आहे. ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात उभे राहणे, तर ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे अमुक गोष्ट विरोधात उभी न राहता.

हे समजले की वाचताना होणारी मोठी चूक टळते. ‘नॉटविथस्टँडिंग कलम ५’ लिहिलेले वाचून अनेकांना कलम ५ वरचढ आहे असे वाटते. उलट आहे. कलम ५ आडवे येणार नाही, म्हणजे ते या मुद्द्यापुरते बाजूला बसले. ज्याचे नाव या शब्दाला चिकटले ते हरते, हे सूत्र ध्यानात ठेवा. याच्या नेमके विरुद्ध ‘सब्जेक्ट टू’: ‘सब्जेक्ट टू कलम ५’ म्हणजे कलम ५ च्या अधीन राहून, तिथे कलम ५ जिंकते. करारात हे दोन शब्द जिथे जिथे दिसतील तिथे पानाच्या समासात बाण काढून कोण वर, कोण खाली हे लिहून ठेवावे.

संविधानातला घरचा दाखला हवा असेल तर अनुच्छेद ३७१ चा दुसरा खंड काढा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद तिथे आहे आणि सुरुवात याच शब्दाने होते. मराठीत ‘या संविधानात काहीही असले तरी’ अशी वळणाची रचना करावी लागते. अधिनियमांतले ‘त्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ तेच. इंग्रजीत हा शब्द नामाच्या मागेही बसतो, ‘ऑब्जेक्शन्स नॉटविथस्टँडिंग’, आणि अर्थ बदलत नाही.

‘व्हेअरअ‍ॅज’ला दोन जन्म आहेत. रोजच्या लिखाणात तो दोन गोष्टी समोरासमोर ठेवतो: कोकणात भात, ‘तर’ देशावर ज्वारी. कागदपत्रात तो ‘ज्याअर्थी’ असतो. महाराष्ट्र शासनाची अधिसूचना पाहा: ‘ज्याअर्थी, ...; आणि ज्याअर्थी, ...; त्याअर्थी, आता, ...’. इंग्रजीत ‘व्हेअरअ‍ॅज... अँड व्हेअरअ‍ॅज... नाऊ, देअरफोर’. ज्याअर्थी आले की त्याअर्थी यायलाच हवे. नुसते ‘व्हेअरअ‍ॅज’ लिहून पूर्णविराम दिला तर वाक्य दार उघडे टाकून गेल्यासारखे लोंबकळते. ज्याअर्थीच्या ओळी पार्श्वभूमी सांगतात, बंधन सहसा त्याअर्थीपासून सुरू होते. म्हणून पैसे, मुदत, दंड यांच्या अटी वरच्या भागात घुसडलेल्या दिसल्या तर त्या खाली कलमांत घ्यायला सांगा.

जुन्या मराठी दस्तातही हेच सामान होते: ‘कारणे करारनामा लिहून देतो ऐसा जे’, ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’. ‘सबब’ अरबीतून आला, त्याचा अर्थच कारण. दस्तलेखकाच्या लेखणीला ‘व्हेअरअ‍ॅज’ परका नव्हता, फक्त लिपी वेगळी होती.

पायरी ७: स्वतः लिहिताना

‘हिअरबाय’ची कसोटी सोपी आहे. जे क्रियापद उच्चारल्याने किंवा लिहिल्यानेच काम पुरे होते त्याच्याशीच तो लावायचा: जाहीर करणे, नेमणे, अधिकार देणे, राजीनामा देणे, प्रमाणित करणे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी अशी क्रियापदे ओळखायची खूण म्हणून हाच शब्द पुढे केला होता. ‘आय हिअरबाय रिझाइन’ बरोबर, कारण लिहिताक्षणी राजीनामा झाला. ‘आय हिअरबाय होप’ चूक. आशा कागदाने होत नाही. आणि काळ साधा वर्तमान. मराठीत आपण ‘राजीनामा देत आहे’ म्हणतो, त्यामुळे हात ‘आय अ‍ॅम हिअरबाय रिझाइनिंग’कडे वळतो. ते सुरूच राहिलेले, न संपलेले काम वाटते.

‘एन्क्लोज्ड हिअरविथ’मध्ये ‘हिअरविथ’ काढला तरी काही बिघडत नाही. ‘सोबत जोडले आहे’त सोबत आलेच.

‘व्हेअरबाय’ म्हणजे ज्याद्वारे. साधन किंवा व्यवस्था असेल तिथेच लिहा: अशी योजना ‘व्हेअरबाय’ हप्ता आपोआप कापला जातो. ‘अशी परिस्थिती व्हेअरबाय’ हे कार्यालयीन टिपणांत फार दिसते. परिस्थितीद्वारे काही होत नाही, तिथे ‘इन विच’ हवा.

आता विरामचिन्हे. मराठीभाषकांच्या इंग्रजीत सर्वांत जास्त गुण इथे जातात. ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मोअरओव्हर’, ‘नेव्हरदलेस’ हे अर्थाने ‘पण’, ‘म्हणून’, ‘शिवाय’ यांच्या जवळ असले तरी व्याकरणाने उभयान्वयी नाहीत, क्रियाविशेषणे आहेत. त्यांना दोन वाक्ये शिवता येत नाहीत. ‘इट रेन्ड’ नंतर स्वल्पविराम, मग ‘हाउएव्हर’, पुन्हा स्वल्पविराम, मग ‘वी वेन्ट’: ही चूक. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नंतर स्वल्पविराम. शंका आली तर शब्द हलवून पाहा. ‘वी, हाउएव्हर, वेन्ट’ असे वाक्याच्या पोटात तो नेता येतो, म्हणजे तो क्रियाविशेषण. ‘वी, बट, वेन्ट’ होत नाही, म्हणून ‘बट’ उभयान्वयी आणि त्याच्याआधी स्वल्पविराम पुरतो. ‘हाउएव्हर’च्या नंतरचा स्वल्पविराम विसरलात तर अर्थ बदलू शकतो: त्याची घडण ‘कसे-ही’ अशी आहे आणि स्वल्पविरामाविना तो ‘कसेही, कितीही’ म्हणून वाचला जातो.

दुसरी मराठी वळणाची चूक ‘जरी–तरी’ची. आपल्याला जोडी लागते, म्हणून ‘ऑल्दो... बट’, ‘बिकॉज... देअरफोर’. इंग्रजीला एकच पाय पुरतो. ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ला जोडी चालते तो वर पाहिलेला अपवाद.

‘मोअरओव्हर’ म्हणजे अधिक-वर. आधीच्या मुद्द्याच्या वर चढणारा, त्याहून वजनदार मुद्दा असेल तर तो शोभतो. क्षुल्लक गोष्ट त्याच्यामागे आली की वाक्य पोकळ वाटते. ‘फर्दरमोअर’ त्याच दिशेने आणखी पुढे नेतो. ‘बिसाइड्स’ बोलण्यातल्या ‘शिवाय’सारखा सैल. त्यातला शेवटचा ‘स’ गळाला तर ‘बिसाइड’ होतो आणि अर्थ ‘शेजारी’.

‘लाइकवाइज’ आणि ‘अदरवाइज’ यांतला ‘वाइज’ शहाणा नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘रीत’. तशा रीतीने, दुसऱ्या रीतीने. ‘कॉन्सिक्वेंटली’ आणि ‘सबसिक्वेंटली’ दोन्ही ‘मागून येणे’ या एकाच लॅटिन धातूचे, म्हणून गोंधळ होतो. पहिला परिणामी, दुसरा नुसता नंतर. चौकशीच्या अहवालात ‘नोटीस दिली, कॉन्सिक्वेंटली तो आजारी पडला’ असे लिहिलेत तर आजाराचे खापर नोटिशीवर फोडून मोकळे झालात.

एक वाक्य सोडवून पाहू

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे शहरात भाड्याने राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हातात असे वाक्य येतेच:

‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कन्टेन्ड हिअरइन, द लायसेन्सी शॅल पे द सोसायटी चार्जेस अँड ऑल टॅक्सेस देअरऑन.’

पहिला शब्द: काहीतरी हरणार आहे. कोण? ‘एनीथिंग कन्टेन्ड हिअरइन’, म्हणजे यात जे काही लिहिले आहे ते. ‘यात’ची व्याप्ती कुठेच सांगितली नसेल तर तो अख्खा करारही असू शकतो. मग पुढचा भाग जिंकतो: सोसायटीचे शुल्क राहणाऱ्याने भरायचे. कलम ४ मध्ये ‘देखभाल खर्च मालकाकडे’ असे तुम्ही भांडून लिहून घेतले असेल, तरी ते या एका शब्दाने खाली बसले. ‘देअरऑन’: त्यावर, त्यांवर की तिच्यावर? शुल्कावरचा कर, की जागेवरचा? शुल्क धरले तर रक्कम किरकोळ. जागा धरली तर मालमत्ता कर तुमच्या गळ्यात. दोन दुरुस्त्या मागा. ‘हिअरइन’च्या जागी नेमक्या कलमाचा क्रमांक, आणि ‘देअरऑन’च्या जागी ‘ऑन द सेड चार्जेस’. मराठीत बोलायचे तर ‘यात’ ऐवजी ‘कलम अमुकमध्ये’, आणि ‘त्यावर’ ऐवजी ‘सदर शुल्कावर’. दोन्ही दुरुस्त्या नोंदणीच्या आधी, मसुदा कच्चा असतानाच करून घ्यायच्या. नोंदणी झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळा दुरुस्तीलेख करावा लागतो.